ठोसे मारून पट कसा काढायचा

‘टेकडाउनच्या (समोरच्याला खाली पाडण्याच्या) आधी ठोसा मारा’ हे एमएमए, म्हणजे ठोसे, लाथा आणि कुस्ती सगळं चालणारा लढतीचा खेळ, शिकणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या महिन्यातच पाठ होतं. त्यामुळे होतं काय, की पोरं हवेत एक जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) फेकतात, थांबतात, मग वाकतात आणि मग पायांकडे झेपावतात. समोरच्याला एवढा वेळ मिळाला तर तो स्प्रॉल मारणारच, म्हणजे पाय मागे फेकून वजन तुमच्यावर टाकणारच, आणि जरा अनुभवी असेल तर गुडघाही देईल. वर सल्ला देणारा सांगणार, ‘अजून वेगाने आत शीर.’ वेगाचा इथे फारसा संबंध नाही.

ठोसा हा पटाआधी, म्हणजे पाय धरून पाडण्याआधी, उरकायचा सोपस्कार नाही. ठोशाने समोरच्याकडून काहीतरी करवून घ्यायचं असतं आणि तो ते करत असतानाच आत शिरायचं असतं. त्याचं करून झालं की दार बंद.

तुम्हाला जॅब, क्रॉस (मागच्या हाताचा सरळ ठोसा), हूक (बाजूने वळवून मारलेला ठोसा) मारता येतात आणि मॅटवर साधा एकेरी (एक पाय धरून) आणि दुहेरी (दोन्ही पाय धरून) पट काढता येतो, असं धरून चालतो. येत नसेल तर आधी ते वेगवेगळं शिका. दोन कच्च्या गोष्टी जोडून पक्की गोष्ट होत नाही.

१. अंतर

अर्धं पाऊल टाकून जॅब त्याच्या तोंडाला लागतोय, तर तिथून पट निघतो. जॅब लावायलाच झेप घ्यावी लागत असेल, तर पट विसरा.

लांबून, काहीही न मारता शिरण्याचं काय होतं, हे बघायचं असेल तर ६ जुलै २०१९ ची यूएफसी (एमएमएच्या लढती भरवणारी कंपनी) २३९ मधली बेन आस्क्रेन विरुद्ध होर्हे मासविदाल लढत बघा. फार वेळ लागणार नाही. आस्क्रेन अव्वल दर्जाचा कुस्तीगीर, तोवर एकही लढत हरलेला नव्हता. घंटा वाजल्यावर तो खाली वाकून पायांकडे गेला, मासविदाल धावत येऊन उडी मारून गुडघा घेऊन आला आणि पाचव्या सेकंदाला सगळं संपलं. आस्क्रेनच्या कुस्तीत खोट नव्हती. पण मासविदालला हात वर करायला किंवा मागे सरायला भाग पाडणारं मध्ये काहीच नव्हतं.

२. काय करवून घ्यायचं ते आधी ठरवा

ठोसा आला की माणूस साधारण तीनपैकी एक गोष्ट करतो.

हात वर घेऊन तोंड झाकतो. हे सगळ्यात सोपं गिऱ्हाईक. कोपरं वर गेली की कंबर उघडी पडते, दुहेरी पट काढा.

सरळ मागे सरतो. याच्या मागे पट घेऊन धावू नका, पाय कायम एक वीत पुढेच राहतील. ठोसे मारत त्याला केजपर्यंत, म्हणजे रिंगणाच्या जाळीपर्यंत, न्या. पाठ जाळीला लागली की त्याचे पाय बहुतेक वेळा एका रेषेत येतात आणि मागे जायला जागा उरत नाही. तिथे शिरा. जाळी बोटांनी धरून ठेवणं फाउल आहे, तेव्हा त्याला तो आधार नाही.

उलटा ठोसा मारतो. बहुतेक नवशिके याला घाबरतात, मला मात्र हाच सगळ्यात जास्त आवडतो. तो ठोसा मारायला पुढे येतो, म्हणजे निम्मं अंतर तोच कापून देतो, आणि त्याचा एक हात तुमच्या डोक्यावरून हवेत गेलेला असतो. अशा वेळी तुमचा जॅब हे फक्त आमिष असतं. त्याला चिडवायचं, त्याचा क्रॉस काढून घ्यायचा आणि त्या क्रॉसच्या खालून जायचं.

पहिल्या फेरीतली पहिली दोन मिनिटं हे ओळखण्यात घालवा. नुसते जॅब मारा आणि हा गडी काय करतो ते बघा. ते न बघता घरून ठरवून आणलेला पट काढायला जाणं म्हणजे नुसता हट्ट.

३. ठोसा आणि पट यांच्या मधली फट

सगळं घोडं इथे पेंड खातं. मलाही हा टप्पा सगळ्यात उशिरा जमला, आणि जे सल्ले मिळाले त्यातले अर्धे उलटे होते.

पहिला उलटा सल्ला: ‘ठोसा मार, हात गालापाशी परत आण, मग शीर.’ बॉक्सिंगमध्ये हे बरोबर. इथे हात परत येईपर्यंत समोरच्याची नजर मोकळी होते आणि तुम्ही खाली जाताना त्याला स्पष्ट दिसता. जॅबचा हात घाईने परत आणू नका. ग्लोव्ह त्याच्या डोळ्यांसमोर असतानाच तुमचे गुडघे वाकले पाहिजेत. तो ग्लोव्हकडे बघतोय आणि तुमचं डोकं ग्लोव्हच्या मागून खाली चाललंय, असं चित्र हवं. डोकं त्याच्या छातीच्या उंचीला आलं की तो हात सरळ पायाकडे सोडा. दुसरा हात मात्र जबड्याला चिकटलेलाच. शिरताना खालून येणारा अपरकट आणि गुडघा तोच हात अडवतो. दोन्ही हात एकदम पायांकडे सोडणाऱ्यांची हनुवटी उघडी असते, आणि हे त्यांना एकदा जोरात कळतं.

दुसरा उलटा सल्ला: ‘वाक.’ वाकायचं नाही, बसायचं. कमरेतून वाकलात की डोकं पुढे जातं, नजर जमिनीकडे जाते आणि मान त्याच्या काखेत गिलोटिनसाठी (मान दाबून गळा आवळण्याच्या डावासाठी) तयार मिळते. गुडघ्यातून बसलात तर पाठ ताठ राहते, छाती वर राहते आणि मागच्या पायात रेटा शिल्लक राहतो. नजर त्याच्या गळ्याच्या हाडांवर ठेवा. पायांकडे बघू नका. पाय कुठे असतात ते तुम्हाला माहीत आहे, आणि तुम्ही खाली बघितलंत की त्यालाही कळतं.

तिसरी गोष्ट मला कुणीच सांगितली नव्हती: शेवटचा ठोसा मारल्यावर वजन कुठल्या पायावर राहतं. क्रॉस मारला की मागची टाच उचलली जाते आणि वजन पुढच्या पायावर येतं. पट काढायला तर पुढचाच पाय त्याच्या दोन पायांच्या मध्ये टाकायचा असतो. वजन असलेला पाय उचलणार कसा? मग शरीर पाय न हलवता पुढे कलतं, म्हणजेच वाकतं. जॅब, क्रॉस, पट ही जोडी एवढ्या लोकांची फसते ती यामुळे. दोष त्यांच्या चपळाईचा नसतो.

यावर उपाय तीन. पहिला, फक्त जॅबवरून शिरा. जॅबबरोबर पडणारं पुढचं पाऊल हेच पटाचं अर्धं पाऊल असतं. दुसरा, क्रॉसनंतर पुढच्या हाताचा हूक मारा. हूक जोरात लागला नाही तरी चालेल, पण त्यातला कमरेचा पीळ वजन मागच्या पायावर आणून ठेवतो, पुढचा पाय हलका होतो आणि मागचा पाय ढकलायला तयार होतो. तिसरा, क्रॉस किंवा ओव्हरहँडच्या (मागच्या हाताने वरून वळवून मारलेल्या ठोशाच्या) ओघातच मागचा पाय पुढे आणा आणि बदललेल्या स्टान्समधून (उभं राहण्याच्या पवित्र्यातून) शिरा. तिसरा दिसायला छान दिसतो, पण पहिले सहा महिने त्याच्या वाटेला जाऊ नका. माझं मत ठाम आहे: नवशिक्याचा पटाआधीचा शेवटचा ठोसा पुढच्याच हाताचा असावा.

आणि ठोसा खरा मारा. मन पायांवर गेलं की जॅब लुळा पडतो, खांदा पूर्ण फिरत नाही आणि समोरचा हातसुद्धा वर करत नाही. का करेल? त्याला काही लागतच नाही. आधीचे दोन-तीन जॅब नाकावर बसलेले असतील, तरच पुढच्या जॅबला हात वर जातो. याच्या उलट एक जमातही असते: ठोसा बसला की बघत उभी राहते. लागला, ‘वा!’ म्हटलं, आणि तेवढ्यात संधी गेली.

यूएफसीचा माजी विजेता जॉर्ज सेंट-पिअर याच्या लढती याच एका गोष्टीसाठी पुन्हा पुन्हा बघण्यासारख्या आहेत. तो कराटेतून आलेला, कॉलेजची कुस्ती कधीच खेळला नव्हता. तरी ऑगस्ट २००७ मध्ये यूएफसी ७४ ला त्याने जॉश कॉशेकला खाली नेलं, आणि कॉशेक अमेरिकेच्या कॉलेज कुस्तीचा राष्ट्रीय विजेता राहिलेला होता. सेंट-पिअरचा जॅब आणि पट सुरुवातीला अगदी सारखे दिसतात. पुढचं पाऊल तेच, खांद्याची हालचाल तीच. दोन्हींतलं कुठलं येतंय हे ओळखू येईपर्यंत तो कमरेला भिडलेला असतो.

४. शिरल्यावर

कान त्याच्या बरगड्यांना, डोकं वर, हात गुडघ्यांच्या मागे. तिरकं ढकला, सरळ नाही. मागचा गुडघा टेकलाच तर लगेच उचला.

समोरचा विरुद्ध स्टान्सचा असेल, म्हणजे तुम्ही ऑर्थोडॉक्स (डावा पाय पुढे) आणि तो साउथपॉ (उजवा पाय पुढे), तर दुहेरी पटाचा नाद सोडा. दोघांचे पुढचे पाय एकमेकांच्या आड येतात. त्याचा पुढचा पाय हाताशीच असतो, एकेरी पट काढा.

लाथांवरून पट काढण्याबद्दल एवढंच: तुम्ही लाथ मारता तेव्हा तुम्हीच एका पायावर असता. त्याने मारलेली लाथ धरून त्याला पाडणं वेगळं, ते जरूर शिका.

५. पट दाखवून ठोसा

एकदा पट निघाला की समोरचा तुमचे गुडघे वाकण्याची वाट बघायला लागतो. आता गुडघे वाकवा आणि शिरू नका. त्याचे हात खाली येतील, वरून ओव्हरहँड सोडा. ६ ऑक्टोबर २०१८ ला यूएफसी २२९ मध्ये खबीब नुरमागोमेदोवने दुसऱ्या फेरीत कॉनर मॅकग्रेगरला उजव्या ओव्हरहँडने खाली बसवलं. ठोशांच्या खेळात मॅकग्रेगर सरस, असं सगळे धरून चालले होते. पण पहिल्या फेरीचा बराच भाग त्याने खबीबच्या खाली काढला होता. पुन्हा खाली जायची धास्ती डोक्यात असलेल्या माणसाचे हात तोंडाशी टिकत नाहीत.

पोटावरचा जॅब इथे हुकमी एक्का आहे. तो मारायला गुडघ्यातूनच बसावं लागतं, त्यामुळे पोटावरचा जॅब, गुडघे वाकवून मारलेला ओव्हरहँड आणि पट, तिन्हींची सुरुवात एकसारखी दिसते. प्रत्येक फेरीत दोन-चार तरी मारा, पट काढायचा नसला तरी.

६. पट अडकला तर

लटकत राहू नका. सगळ्यात जास्त मार इथे बसतो आणि लोक याबद्दल सगळ्यात कमी बोलतात. डिसेंबर २०१३ मध्ये यूएफसी १६८ ला जॉश बार्नेटसारखा मुरलेला गडी केजपाशी ट्रॅव्हिस ब्राउनच्या पायांमागे वाकून राहिला. ब्राउनने वरून कोपरं मारली आणि पहिल्याच मिनिटाला लढत संपली.

एक हात जमिनीला टेकवून गुडघ्यापासून वाचायची जुनी युक्ती अजून काही जण शिकवतात. ती आता डोक्यातून काढून टाका. नोव्हेंबर २०२४ पासून यूएफसीत लागू झालेल्या बदललेल्या नियमांत नुसता हात टेकल्याने तुम्ही ‘खाली’ (म्हणजे डोक्यात गुडघा मारायला मनाई असलेले) धरले जात नाही. हात आणि पाय सोडून शरीराचा दुसरा एखादा भाग जमिनीला लागलेला असावा लागतो. म्हणजे एक तळवा मॅटवर ठेवून वाकलेल्या माणसाच्या डोक्यात गुडघा मारणं आता कायदेशीर आहे. त्याच वेळी सरळ वरून खाली येणाऱ्या कोपरावरची बंदीही उठली. अडकून बसणं आधीपेक्षा महाग झालंय.

तेव्हा पाय हातात आला नाही तर लगेच डोकं वर, एक हात त्याच्या काखेतून अंडरहूक आणि छातीला छाती. तिथून एक तर जाळीकडे ढकला, नाही तर सुटता सुटता हूक मारून बाहेर पडा. हात खाली ठेवून मागे सरू नका, त्याचा क्रॉस तिथेच वाट बघत असतो.

७. सराव

पार्टनरला पॅड धरायला लावा. जॅब मारा आणि जॅब पॅडवर असतानाच गुडघ्यात बसा. शिरायचं नाही, फक्त बसायचं. हे कंटाळवाणं आहे आणि आठवडाभर एवढंच करा. मग पाऊल जोडा. पॅडचा आवाज आणि आत पडणाऱ्या पावलाचा आवाज यांच्यात स्पष्ट फट ऐकू येत असेल, तर अजून झालेलं नाही. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रण करा: ग्लोव्ह पॅडला लागलेला असताना गुडघे वाकायला लागलेले दिसले पाहिजेत.

त्यानंतर पार्टनरला मोकळीक द्या. जॅबवर कधी हात वर करायचे, कधी मागे सरायचं, कधी उलटा मारायचा, हे त्याने ठरवायचं, तुम्हाला न सांगता. मागे सरला तर शिरायचं नाही. या सरावात न शिरण्यालाही शिरण्याइतकेच गुण द्या. बहुतेक जण इथे नापास होतात, कारण पट काढायचा असं डोक्यात घेऊनच ते जॅब मारतात.

स्पॅरिंगमध्ये हलक्या हाताने सुरू करा आणि पार्टनरला आधी सांगून ठेवा, की शिरताना त्याने गुडघा मारायचा नाही, फक्त दाखवायचा. तुमच्या कपाळाला हळूच लागेल एवढाच. तो दर वेळी लागत असेल तर वरच्या तिसऱ्या भागाकडे परत जा आणि दुसरा हात जबड्याला होता का ते तपासा. लागायचा थांबला आणि पार्टनर जॅब दिसताच कंबर मागे घ्यायला लागला, की पट काढणं थोडं कमी करा आणि त्याच्या तोंडावर जॅब-क्रॉस मारायला लागा.