नवी रेकॉर्ड मित्रांना ऐकवायची कशी

सगळ्यात आधी, किंमत सांगू नका. पुण्याच्या जुन्या बाजारातून मी जुन्या काळचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांची 'पिया बिन नाही आवत चैन' आणली, मिरजेला घरी चौघांना बोलावलं आणि सुई टेकवायच्या आधीच बोलून गेलो, "साडेचारशेला पडली." झालं! 'मला हीच दीडशेला देत होता' यावर अर्धा तास वाद. झिंझोटी रागातलं ते गाणं तीन मिनिटांचं, ते बिचारं ताटकळत. तेव्हापासून आमच्याकडे आधी गाणं, मग चहा, आणि किंमत कुणी खोदून विचारलीच तर.

लोक यायच्या आदल्या दिवशी रेकॉर्ड धुवा. ७८ची, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्या घेणारी जुनी तबकडी लाखेची असते. तिला स्पिरिट लावलंत तर लाख विरघळते आणि गाणं फडक्यावर येतं. साधं पाणी, भांड्याच्या साबणाचा एक थेंब, मऊ फडकं; खाचांच्या दिशेने गोल पुसायचं आणि मधला कागद कोरडा ठेवायचा. वाळली की एकट्याने एकदा ऐकून घ्या. सुई कुठे अडकते ते पाहुण्यांच्या आधी तुम्हाला कळलेलं बरं. आणि सुई ७८चीच हवी. एलपीची, म्हणजे नंतरच्या लांब वाजणाऱ्या रेकॉर्डची सुई बारीक, ती रुंद खाचेच्या तळाशी घासत जाते आणि नुसती खरखर ऐकवते.

आता वेग. इथे मात्र घाई करू नका. लेबलवर काहीही असो, त्या काळात ध्वनिमुद्रण नेमकं ७८ फेऱ्यांवर झालेलं असेलच असं नाही. शिवाय आपलं यंत्रही खोटं बोलतं. ७८ची रेकॉर्ड ८२-८३ने फिरली तर गाणं अर्ध्या सुराने चढतं. खाँसाहेबांचा आवाज मुळात उंच, त्यामुळे ते चढणं पटकन लक्षात येत नाही. आमच्या सतारमेकर गल्लीतल्या चाचांच्या आलं. त्यांनी तंबोऱ्याची खुंटी पिळत कान दिला आणि म्हणाले, "मास्तर, मशीन पळतंय तुमचं." मी वेग थोडा थोडा उतरवत गेलो. शब्द जागेवर बसले, मुरकीतली घाई गेली, तेव्हा ते म्हणाले, "हां, आता माणूस गातोय." खाँसाहेब मिरजेत राहिले, त्यांची कबरही इथल्या दर्ग्याच्या आवारात आहे. इथे त्यांच्याबद्दल मत नसलेला माणूस सापडायचा नाही, म्हणून वेग आधीच तपासून ठेवतो.

एका बैठकीला तीन-चार ७८च्या आणि एक एलपी, बस. अमीर खाँसाहेबांची ती प्रसिद्ध एलपी मिळाली तेव्हा लोकांना दिवेलागणीलाच बोलावलं, कारण एका बाजूला संध्याकाळचा राग मारवा आहे आणि दुसऱ्या बाजूला रात्रीचा दरबारी. मारवा सूर्य बुडताना लावला. पंखा बंद, मे महिना, तरी कुणी हललं नाही. षड्ज, म्हणजे सा, किती वेळ टाळलाय, हे सांगायला माझी जीभ वळवळत होती. सांगितलं नाही, तुम्हीही सांगू नका. मग जेवण, आणि उशिरा, मध्यरात्र नाही पण अकराच्या सुमाराला, दुसरी बाजू. मधल्या वेळात भडंग आलं तर हात धुतल्याशिवाय कव्हरला हात लावू द्यायचा नाही. तेलाचं बोट पुठ्ठ्यावर कायमचं राहतं.

गावाबाहेरच्या मित्रांना दोन्ही लेबलांचे फोटो पाठवा, नंबर वाचता येईल असे सरळ उजेडात काढलेले. उत्तरात "माझ्याकडे आहे" येणार, त्याची तयारी ठेवा.

"दोन दिवसांत आणून देतो" म्हणणाऱ्याला मात्र चहा पाजा, रेकॉर्ड देऊ नका. मी स्वतः एकदा भैरवीची एक ७८ची एसटीने सांगलीला ऐकवायला नेली. मांडीवर उभी धरायची, तर बाकावर आडवी ठेवली आणि तिच्यावर कुणाचं तरी दप्तर आलं. तीन तुकडे झाले. लेबल शाबूत आहे. ते कुणालाही घरी न्यायला देतो.