उबुंटू २२.०४ वरून २४.०४ वर जाण्याआधीची आवराआवर

उबुंटू या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या २२.०४ आवृत्तीचे नेहमीचे सुरक्षा अपडेट २०२७ पर्यंत मिळणार आहेत, तेव्हा २४.०४ वर जायची धावपळ कुणाच्या मागे लागलेली नाही. हा मोकळा वेळ आवराआवरीत घालवावा. मशीनवर काय काय बसलंय आणि कोणतं सॉफ्टवेअर कोणत्या वाटेनं आलंय, हे आधी लिहून काढा. ॲप्ट (उबुंटूचा स्वतःचा पॅकेज बसवणारा प्रोग्राम), पीपीए (उबुंटूच्या बाहेरून जोडलेलं पॅकेजांचं भांडार), स्नॅप आणि फ्लॅटपॅक (लागणारं सगळं सोबत आणणारी पॅकेजं), ॲपइमेज (न बसवता चालणारी एकच फाइल), पिप (पायथॉनची पॅकेजं आणणारा प्रोग्राम) या सगळ्यांचं अपग्रेडच्या वेळचं वागणं वेगळं असतं. सॉफ्टवेअर सेंटरच्या खिडकीत यातलं निम्मं दिसतही नाही.

सुरुवात ॲप्टपासून. टर्मिनलमध्ये ‘ॲप्ट-मार्क शोमॅन्युअल’ चालवलं की मुद्दाम बसवलेल्या पॅकेजांची यादी येते. तिची लांबी बघून दचकू नका, उबुंटूबरोबर आलेली बरीच पॅकेजं त्यातच मोजली जातात. जिंप, इंकस्केप, व्हीएलसी अशी आपण स्वतः घेतलेली नावं वेगळी काढून ती फाइल पेनड्राइव्हवर ठेवा. उद्या कोरं इन्स्टॉलेशन करायची पाळी आली तरी प्रोग्राम पुन्हा उतरवून घेता येतात, नावं तेवढी हाताशी हवीत. मग ‘ॲप्ट-मार्क शोहोल्ड’ बघा. कधीकाळी अडवून ठेवलेलं एखादं पॅकेज तिथे निघालं तर ते मोकळं करा, नाहीतर अपग्रेडची आकडेमोड तिथेच अडते.

खरी डोकेदुखी पीपीएची. दोन वर्षांपूर्वी कुठल्याशा एका प्रोग्रामची ताजी आवृत्ती हवी म्हणून जोडलेला पीपीए मुक्कामाला आलेल्या पाहुण्यासारखा तिथेच राहिलेला असतो. अपग्रेड सुरू झाला की उबुंटू बाहेरचे सगळे सोर्स (पॅकेजं जिथून येतात ती ठिकाणं) बंद करतो, पण त्यांच्यातून आलेली पॅकेजं जागेवरच राहतात. त्यांची आवृत्ती २४.०४ मधल्या आवृत्तीपेक्षा पुढची असेल तर एकमेकांत गुंतलेली पॅकेजं सुटता सुटत नाहीत. म्हणून ‘सोर्सेस-लिस्ट-डी’ हा फोल्डर उघडून एकेका फाइलीला विचारायचं, तू अजून लागतेस का? लागत नसेल तर ‘पीपीए-पर्ज’ वापरा. ते पीपीए काढतं आणि पॅकेज उबुंटूच्या मूळ आवृत्तीवर परत आणतं. पीपीए आधी हातानं पुसून टाकलात तर मात्र ते काम अवघड होतं, तेव्हा क्रम सांभाळा. डॉकरसारखा सोर्स ठेवायचाच असेल तर त्याच्या ओळीत ‘जॅमी’ (२२.०४ चं टोपणनाव) लिहिलेलं असतं, ते अपग्रेडनंतर ‘नोबल’ (२४.०४ चं टोपणनाव) करावं लागेल. तशी नोंद आत्ताच करा. माझं मत विचाराल तर ग्राफिक्स ड्रायव्हरचा पीपीए घरच्या मशीनवर ठेवूच नये.

स्नॅप आणि फ्लॅटपॅक यांची फारशी काळजी नाही. दोन्ही आपापल्या रनटाइमवर (प्रोग्राम चालायला लागणाऱ्या फाइलींच्या संचावर) चालतात आणि अपग्रेडमधून बहुधा धडधाकट बाहेर पडतात. ‘फ्लॅटपॅक अनइन्स्टॉल’ला ‘अनयूज्ड’ जोडून चालवलंत तर पडून राहिलेले रनटाइम निघतात आणि बरीच जागा सुटते. एक अपवाद थंडरबर्डचा. २४.०४ मध्ये तो स्नॅप होऊन येतो आणि त्याच्या प्रोफाइलची जागा बदलते. होममधला ‘थंडरबर्ड’ नावाचा लपलेला फोल्डर आधीच कॉपी करून ठेवा, सगळी मेल त्यात असते. ॲपइमेज वापरत असाल तर त्या चालायला लागणारं ‘लिबफ्यूज२’ हे पॅकेज नव्या आवृत्तीत ‘लिबफ्यूज२टी६४’ या नावानं मिळतं, हेही टिपून ठेवा.

पायथॉनवाल्यांनी इथे थांबून वाचावं. २२.०४ मध्ये पायथॉन ३.१० आहे, २४.०४ मध्ये ३.१२. जुन्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमधली (एकेका कामासाठी वेगळ्या ठेवलेल्या पायथॉनच्या फोल्डरमधली) पॅकेजं ३.१० च्या फोल्डरात असतात, ती नव्या पायथॉनला सापडत नाहीत आणि त्या एन्व्हायर्नमेंटमधला पिपही चालत नाही. म्हणजे ‘पिप फ्रीझ’ करून यादी काढायची ती अपग्रेडच्या आधीच. शिवाय २४.०४ मध्ये सिस्टिमच्या पायथॉनवर थेट पिप चालवायला गेलात तर तो साफ नकार देतो.

मराठी टायपिंगही विसरू नका. ‘आयबस-एम१७एन’ या टायपिंगच्या पॅकेजमधून इन्स्क्रिप्ट किंवा फोनेटिक यांपैकी जो लेआउट वापरता त्याचं नाव लिहून ठेवा आणि हातानं टाकलेले देवनागरी फॉन्ट बॅकअपमध्ये घ्या.

मोकळी जागा बघायची ती रूटवर (सिस्टिम जिथे बसलीय त्या मुख्य पार्टिशनवर) आणि बूट पार्टिशन वेगळं असेल तर तिथेही, कारण जुने कर्नल (सिस्टिमचा गाभा) साचून तेच आधी भरतं. आता न लागणारी पॅकेजं काढणारं ‘ॲप्ट ऑटोरिमूव्ह’ कामाचं आहे, पण ‘वाय’ दाबण्याआधी तो काय काढणार आहे ती यादी वाचा. टाइमशिफ्ट या प्रोग्रामनं सिस्टिमचा स्नॅपशॉट (मागे परतता येईल अशी प्रत) घ्या. मात्र त्याच्या मूळ सेटिंगमध्ये होम फोल्डर येत नाही, त्याची वेगळी प्रत बाहेरच्या डिस्कवर हवी.

शेवटी २२.०४ पूर्ण अपडेट करून एकदा रीस्टार्ट करा, लॅपटॉप चार्जरला लावा आणि मगच अपग्रेड सुरू करा. मध्येच तो एखाद्या कॉन्फिग (सेटिंगच्या) फाइलबद्दल विचारेल, जुनी ठेवू की नवी घेऊ? तुम्ही स्वतः बदललेली फाइल असेल तर जुनी ठेवा. ती फाइल कशाची हेच आठवत नसेल तर फरक दाखवायला सांगा आणि तो वाचून उत्तर द्या. तुमचं उत्तर येईपर्यंत अपग्रेड तिथेच थांबतो, तेव्हा जेवायला उठून जाऊ नका.