गाडीतच मुक्काम: वॅगनआर घेऊन कोकण किनारा

अलिबाग ते वेंगुर्ला हा प्रवास लहान गाडीत झोपून, कमी पैशांत करता येतो. मात्र त्याला हंगाम असतो: नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. मे महिन्यात बंद गाडीत झोपणं अशक्य आणि पावसाळ्यात ओल सुटत नाही. खाली दिलेली मापं वॅगनआरच्या हिशेबाने आहेत. सेलेरिओ, टियागो किंवा अल्टो असेल तर टेप घेऊन आपली मापं काढावीत.

आधी पैशांचं

गाडीत झोपल्याने खोलीचं भाडं वाचतं, पण या प्रवासात खरा खर्च पेट्रोलचा असतो. पुण्याहून दापोली, गुहागर, गणपतीपुळे, मालवण करून परत यायचं म्हणजे आत-बाहेर फिरणं धरून हजार-अकराशे किलोमीटर सहज होतात. घाट आणि अरुंद रस्त्यांवर लिटरला अठरा किलोमीटर धरले तर साठ लिटर पेट्रोल, म्हणजे सहा हजारांच्या वर. म्हणून दिवसाला साठ-सत्तर किलोमीटरच चालवावी आणि आवडलेल्या गावात दोन रात्री काढाव्यात.

सागरी मार्गाने गेलात तर खाड्या फेरीबोटीने ओलांडता येतात. आगरदांडा–दिघी, बागमांडला–वेसवी, दाभोळ–धोपावे आणि तवसाळ–जयगड या चार ठिकाणी गाडीसकट पलीकडे जाता येतं आणि महामार्गाचा मोठा वळसा वाचतो. बोटीवर हँडब्रेक ओढून गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवायची.

अंथरूण

सर्वांत सोपी पद्धत अशी. पुढच्या डाव्या सीटचं डोकं, म्हणजे हेडरेस्ट, काढायचं. सीट पूर्ण पुढे सरकवायचं आणि पाठ पूर्ण मागे पाडायची. ती मागच्या सीटच्या बैठकीला टेकते आणि लांबलचक आडवी जागा तयार होते. कंबरेखाली खळगा राहतो, तिथे घडी घातलेली चादर भरायची. सहा फुटी माणसालाही ही पद्धत जमते. एक-दोन रात्रींसाठी एवढं पुरे. चौथ्या रात्री मात्र कंबर बोलू लागते.

दहा दिवसांसाठी फळी हवी. बारा मिलीमीटरचा वॉटरप्रूफ प्लाय घ्यायचा, बावीस इंच रुंद आणि सहासष्ट इंच लांब. तो मधोमध कापून लांब पट्टीच्या बिजागरीने जोडून घ्यायचा, म्हणजे तेहेतीस इंचांची घडी होते आणि दिवसा डिकीत मावते. वजन सहा-सात किलो भरतं. मागच्या डाव्या सीटची पाठ पुढे पाडायची, पुढचं डावं सीट होईल तितकं पुढे घ्यायचं आणि त्या पट्ट्यात फळी टाकायची. ज्या गाड्यांत मागची पाठ एकसंध असते तिथे ती सगळीच पाडावी लागते.

इथे सगळ्यांची फसगत होते ती उताराने. पाडलेली पाठ सपाट नसते, तिरकी राहते, आणि डिकीचा तळ तिच्यापेक्षा खाली असतो. म्हणून फळीच्या दोन्ही टोकांना दोन इंची चौकोनी लाकडाचे पाय लावावे लागतात. त्यांची उंची घरी अंदाजाने ठरवू नये. गाडी सपाट जागी उभी करून, फळी आत टाकून मगच ठरवावी. अर्धी भरलेली पाण्याची बाटली फळीवर आडवी ठेवली की पाणसळीचं काम होतं. पायांना खाली रबर ठोकलं की फळी सरकत नाही. प्लायच्या कापलेल्या कडांना तेलरंगाचे दोन हात द्यायला विसरू नये, खाऱ्या हवेत कड आधी फुगते.

फळीला सहा-सहा इंचांवर इंचभर व्यासाची भोकं पाडून घ्यावीत. वरून दोन इंच फोम आणि त्यावर सतरंजी. फोमखालची बाजू रोज सकाळी ओलसर लागते, कारण अंगाची वाफ खाली जाऊन थंड फळीवर साचते. भोकांनी ती कमी होते, तरी सकाळी फोम उचलून उन्हाला टेकवून ठेवायचाच. पांघरायला गोधडी. स्लीपिंग बॅग समुद्राकाठी उकडते आणि लवकर वाळत नाही.

डोकं पुढच्या बाजूला, पाय डिकीकडे. कारण डिकीचं दार बहुतेक लहान गाड्यांत आतून उघडत नाही. मागच्या दारांचं चाइल्ड लॉकही निघण्यापूर्वी काढून ठेवा, नाहीतर रात्री बाहेर पडायला पुढच्या सीटवर चढून जावं लागतं. ड्रायव्हरचं सीट रात्रभर मोकळं ठेवायचं, त्यावर पिशवीही नको, आणि किल्ली रोज एकाच खिशात. अपरात्री निघायची वेळ आली तर बाहेर न उतरता स्टिअरिंगवर येता आलं पाहिजे. ही सोय फक्त एकट्याच्या अंथरुणात मिळते. दोघांसाठी दोन फळ्या टाकल्या तर ड्रायव्हरचं सीटही पुढे ढकलावं लागतं आणि चाकांच्या कमानींमुळे रुंदी जेमतेम साडेतीन फूट उरते. नवरा-बायकोचं भागतं. दोन धिप्पाड मित्रांनी तंबू सोबत घ्यावा.

हवा, डास आणि ओल

झोपलेल्या माणसाचा श्वास आणि घाम मिळून रात्रीत पाव लिटरच्या आसपास पाणी गाडीच्या हवेत सोडतात. काचा बंद असतील तर ते पहाटे काचांवरून ओघळून अंथरुणात येतं. त्यामुळे समोरासमोरच्या दोन काचा किमान दोन बोटं उघड्या हव्यातच. काचांवर पावसाचे वायझर बसवलेले असतील तर एवढी फट बाहेरून दिसतही नाही.

वाऱ्याचं गणित कोकणात सोपं आहे. दिवसा समुद्राकडून खारा वारा येतो, रात्र चढली की जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा सुटतो. म्हणजे रात्रीची झुळूक साधारण पूर्वेकडून येते. गाडी उत्तर-दक्षिण लावली तर ती एका बाजूच्या काचेतून शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडते. पूर्वेला एखादं दाट झाड असेल तर सकाळचं ऊनही तासभर अडतं. ते झाड आंब्याचं असावं, नारळाचं नको. वाऱ्याने सुकलेली झावळ किंवा नारळ टपावर पडला तर टपाला पोचा आणि काचेवर पडला तर सहल संपली.

डासांसाठी काचेच्या आत चिकटवायची जाळी टिकत नाही, ओलीने चिकटपट्टी सुटते. त्यापेक्षा मागच्या दोन्ही दारांना जाळीचं टोपडं शिवून घ्यावं. दाराच्या वरच्या चौकटीवर उशीच्या अभ्र्यासारखं चढेल असं, खाली इलॅस्टिक. शिंप्याला दार उघडून दाखवलं की तो माप घेतो, काळी मच्छरदाणीची जाळी दोन-अडीच मीटर पुरते. टोपडं चढवून दार लावलं की आतली काच हवी तितकी खाली घेता येते. बंद गाडीत मच्छर अगरबत्ती किंवा कॉइल लावणं म्हणजे धूर कोंडणं आणि गोधडीशेजारी निखारा ठेवणं. अंगाला लावायचं मलम वापरा.

काचांना आडोसा म्हणून चंदेरी फोमशीट चांगली. काचेवर वर्तमानपत्र धरून आकार काढायचा आणि शीट त्यापेक्षा अर्धा इंच मोठी कापायची, म्हणजे ती दाबून बसते. बाहेरच्या बाजूला काळं कापड चिकटवलं की गाडी लुकलुकत नाही. हे सगळं फक्त उभ्या गाडीसाठी. काचांवर काळी फिल्म लावायला सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये मनाई केली आहे, आणि चालत्या गाडीत पडदे ठेवले तरी पोलीस थांबवतात.

एसी लावून झोपायचा विचारच करू नये. उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवून एसी तासाला पाऊण ते एक लिटर पेट्रोल खातो. रात्रीचा हिशेब केला तर तेवढ्यात साधी खोली मिळते. त्याहून मोठं कारण कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचं: त्याला वास नसतो, एक्झॉस्टमधून गळून तो आत भरत गेला तर झोपलेल्याला कळतही नाही.

पंख्यासाठी पाच वॅटचा यूएसबी पंखा आणि वीस हजार एमएएचची पॉवर बँक घ्यावी. आठ तास पंखा म्हणजे चाळीस वॅट-तास. अशा बँकेत छापील चौऱ्याहत्तर वॅट-तास असले तरी हाती पन्नास-पंचावन्नच लागतात. म्हणजे एक रात्र पंखा आणि एकदा अर्धा फोन. ती दिवसा गाडी चालताना भरायची. गाडीच्या बॅटरीवर रात्री काही चालवू नये. तशी ती लहानच असते. दार नीट न लागल्याने आतला दिवा रात्रभर जळला आणि बॅटरी आधीच जुनी असली, तर सकाळी स्टार्टर नुसता टकटक करतो. जंप केबल सोबत असूच द्या.

गाडी कुठे लावायची

ही निवड उजेड असताना, सूर्यास्ताच्या आधी झाली पाहिजे. देवळाचं आवार, होम-स्टेचं अंगण, रात्रभर चालू असलेला पेट्रोल पंप, ट्रक थांबतात तो ढाबा या चांगल्या जागा. विचारल्याशिवाय कुठेही थांबू नये. वाक्य साधं ठेवा: "काका, रात्रभर गाडी इथे लावली तर चालेल का? गाडीतच झोपणार, सकाळी सातला निघू." मालवणकडे "काकानू" म्हटलंत तर अर्धं काम झालं. बहुतेक वेळा उत्तरात "जेवणार का?" हाच प्रश्न येतो. तिथेच जेवावं, घरचं जेवण मिळतं आणि अंगणाचं भाडं सहसा कोणी मागत नाही.

नको त्या जागा म्हणजे घाटाचं वळण, कापलेल्या डोंगराचा पायथा, नदीचं पात्र आणि किनाऱ्यावरची वाळू. वाळूवर गाडी नेऊच नये. चाक रुतेपर्यंत भरती सुरू झालेली असते आणि ट्रॅक्टर यायला वेळ लागतो. भरतीची वेळ कोकणात तिथीवरून काढतात: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणून तीनच्या सुमारास. अष्टमीला सहा. दोन्ही पक्षांना हाच हिशेब आणि भरती दिवसातून दोनदा येते. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक धरावा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी नेहमीच्या रेषेच्या बरंच वर चढतं.

रात्री कोणी काच वाजवली तर आधी आतला दिवा लावा, मग काच चार बोटं खाली. पोलीस असतील तर लायसन्स, आरसी, विमा आणि पीयूसी डिजिलॉकरमध्ये तयार हवं. बाकी कोणी असेल आणि बरं वाटलं नाही तर काही न बोलता निघायचं. मदतीसाठी ११२ नंबर आहेच.

खाणं-पिणं, अंघोळ

दिवसातून एक जेवण खानावळीत आणि बाकी न शिजवता, हे गणित सर्वांत स्वस्त आणि सुटसुटीत. दुधात पीठ भिजवून केलेल्या दशम्या तीन दिवस टिकतात. पुढे सातूचं पीठ गूळ-पाण्यात कालवून किंवा मेतकूट-दही-पोहे. दडप्या पोह्यांना तर चूलच लागत नाही. फोडणी घरून करून न्यायची: वाटीभर तेलात मोहरी, हिंग, हळद, सुकी मिरची, पूर्ण गार करून कोरड्या बाटलीत. पातळ पोह्यांवर खोबरं, कांदा आणि शहाळ्याचं पाणी शिंपडून दहा मिनिटं दडपून ठेवायचे आणि वरून दोन चमचे फोडणी घालायची.

चहासाठी गॅसच्या डब्यावरची शेगडी चालते, पण ती गाडीबाहेर आणि आडोशाला. डबा पन्नास अंशांच्या वर तापू द्यायचा नसतो आणि उन्हात बंद गाडी त्याच्या पुढे सहज जाते. दुपारी डबा बंद गाडीत ठेवू नये, बाहेर सावलीत ठेवावा. गोव्यात शिरलात तर शेगडी बंदच ठेवा. तिथे उघड्यावर स्वयंपाक केल्यास दंड होतो. आणि बाजारात कितीही छान दिसली तरी सुकट परतीच्या दिवशीच घ्यावी.

पाणी माणशी रोज चार लिटर पिण्या-रांधण्याला आणि पाचेक लिटर हात-तोंडाला. वीस लिटरचा जार एकट्याने उचलवत नाही, पाच लिटरचे कॅन बरे. सकाळी एसटी स्टँडवरचं शौचालय सहाच्या आत गाठावं, त्यानंतर रांग लागते. पेट्रोल पंपावर शौचालय, पिण्याचं पाणी आणि हवा मोफत असते. पेट्रोल न भरताही मागता येतं. रात्रीसाठी रुंद तोंडाची बाटली ठेवण्यात लाज नको.

दर तिसऱ्या रात्री मात्र खोली घ्या, भक्तनिवास किंवा साधा होम-स्टे. अंघोळ, कपडे, चार्जिंग सगळं एकदम होतं. ओले कपडे गाडीत दोरीवर वाळत घातले तर ते वाळत नाहीत, गाडी मात्र कुबट होते.

घरी परतल्यावर पहिल्या आठवड्यात गाडी खालून पाण्याने धुऊन घ्या, खारी हवा आणि वाळू सांध्यांत बसलेली असते. फळी दोन दिवस उन्हात उभी करून मगच माळ्यावर टाका.