ईएल८४ व्हॉल्व्हची प्लेट लाल होत होती, ते कसं सुटलं

जुन्या धाटणीचा व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्यांवर चालणारा) अँप्लिफायर बनवलाय, पुढे सिग्नल वाढवायला ईसीसी८३ आणि आउटपुटला, म्हणजे स्पीकर चालवायला, एकच ईएल८४ व्हॉल्व्ह. सुरुवातीला मस्त वाजायचा आणि गरम झाला की आवाज फाटायचा, खोलीतला दिवा बंद करून पाहिलं तर ईएल८४ च्या प्लेटवर (नळीतला बाहेरचा धातूचा पत्रा) लाल पट्टा, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त करंट खेचतोय. सगळे म्हणतात व्हॉल्व्ह बदल, पण बाबांनो आधी व्होल्टेज मोजा! कॅथोडला (इलेक्ट्रॉन सोडणारं टोक) १३५ ओहमच्या रेझिस्टरवर साधारण ७ व्होल्ट हवेत तर इथे १० च्या वर, आणि ग्रिडवर (करंट ताब्यात ठेवणारी जाळी) शून्याऐवजी चक्क ४ व्होल्ट डीसी. कपलिंग कपॅसिटरचं (दोन व्हॉल्व्हच्या मधला, सिग्नल जाऊ देणारा पण डीसी अडवणारा) एक टोक सोडवलं आणि ते ४ व्होल्ट गायब, म्हणजे व्हॉल्व्ह ठणठणीत, जुना कागदी कपॅसिटरच लीक होता आणि आधीच्या ईसीसी८३ च्या प्लेटचं डीसी ग्रिडवर सोडत होता. हौसेने जुने पार्ट जरूर लावा, पण ही जागा सोडून. इथे नवा फिल्मवाला टाकला, ०.०२२ मायक्रोफॅरड, ६३० व्होल्टचा (त्याआधी पॉवर सप्लायचा फिल्टर कपॅसिटर रेझिस्टर लावून डिस्चार्ज केला, बंद सेटमध्येही ३०० व्होल्ट बसलेले असू शकतात, जीवावर बेतेल). आता कॅथोड ७.२ वर स्थिर आणि तबल्याचा डग्गा काय भरून येतो! पुढे ईएल८४ ची स्क्रीन ग्रिड (दुसरी जाळी) १०० ओहममधून प्लेटला जोडून ट्रायोड मोड (व्हॉल्व्ह साध्या तीन टोकांच्या नळीसारखा चालवणं) करणारे, पॉवर निम्म्याहून कमी होईल पण घरात तेवढी पुष्कळ झाली.