हिरवे लुगडे आणि लाल जिलेटिन

रंगांचे अर्थ पाठ करून वेशभूषेच्या कामाला लागणारे पुष्कळ जण मी पाहिले आहेत आणि त्यांतलीच एक मीही होते. भरताच्या नाट्यशास्त्रात शृंगाराचा श्याम, रौद्राचा लाल, करुणाचा कपोत म्हणजे पारव्यासारखा राखी, असे रसांचे वर्ण सांगितले आहेत; ते ठाऊक असावेत, पण तेवढ्यावर कपडेपट उभा राहत नाही.

राज्य नाट्य स्पर्धेसाठी केलेल्या माझ्या पहिल्या नाटकात नायिकेचे डोहाळजेवण पहिल्या अंकात होते, आणि शेवटी तिला घराबाहेर काढले जाते तेव्हाही तेच गडद हिरवे लुगडे तिच्या अंगावर असावे, ओटीचा आणि चुड्याचा तो रंग उंबरा ओलांडताना प्रेक्षकाला टोचावा, अशी माझी योजना होती. ती योजना मला आजही वाईट वाटत नाही. तालमी मात्र शाळेच्या वर्गात ट्यूबलाइटखाली झाल्या, आणि प्रयोगाच्या दिवशी त्या प्रवेशाला गडद लाल जिलेटिन, म्हणजे दिव्यापुढे लावायचा रंगीत पारदर्शक कागद, लागले, तेव्हा लुगडे काळे ठिक्कर दिसू लागले. नायिकेने शेवटी काळे का नेसले, असे परीक्षकांनी नंतर विचारले, तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हते.

ही गोष्ट मी लांबवून सांगणार आहे, कारण ती मला कोणी सांगितली नव्हती. हिरवे कापड मुख्यतः हिरवा प्रकाश परत पाठवते आणि बाकीचा शोषून घेते. गडद लाल जिलेटिन हिरवा प्रकाश जवळजवळ अडवूनच धरते. मग परत पाठवायला कापडापाशी काही उरतच नाही. अंबर म्हणजे पिवळसर केशरी प्रकाशात निळे कापड याच कारणाने मळकट राखी दिसते. उलट फसगतही होते: पांढऱ्या साडीचा लाल काठ लाल प्रकाशात पांढऱ्यातच मिसळून जातो आणि तुम्ही महिनाभर शोधलेला काठ तिसऱ्या रांगेतूनसुद्धा दिसत नाही. एलईडी पार हा रंगमंचावरचा दिवा लाल, हिरवा आणि निळा मिसळून जो पांढरा प्रकाश देतो, त्यात कापड जुन्या हॅलोजनखाली दिसते तसे दिसेलच, असे नाही. म्हणून कापड घेण्याआधी प्रकाशयोजनाकाराकडून जिलेटिनचे तुकडे मागून घ्या, अंधाऱ्या खोलीत मोबाइलच्या टॉर्चवर एकेक धरा आणि त्याखाली कापडाचा वीतभर नमुना पाहा. ही चाचणी ढोबळ आहे, तरी मोठ्या चुका तिच्यातून सुटत नाहीत.

घाबरून जाऊ नका; हे डोळ्याला दोन-तीन नाटकांत कळू लागते. ज्येष्ठ वेशभूषाकाराच्या हाताखाली राहा, असे सगळे सांगतात. मी राहिले, आणि दीड वर्ष इस्त्री केली. मला विचाराल तर पहिले वर्ष प्रकाशयोजनाकाराच्या आणि कपडे भाड्याने देणाऱ्या दुकानदाराच्या मागे लागण्यात घालवावे.

‘लाल म्हणजे राग, पांढरा म्हणजे शोक’ असे तयार तक्ते वापरणे हा शुद्ध आळस आहे. एकोणिसाव्या शतकातल्या ब्राह्मण घरातली केशवपन झालेली विधवा दाखवायची असेल, तर तिच्या अंगावर लाल आलवण, म्हणजे अशा विधवेचे लाल लुगडे, हवे. तिथे पांढरी साडी नेसवली, तर काळही चुकतो आणि तो लाल रंग त्या बाईवर जे लादतो तेही हातचे जाते. एरवी अशुभ मानलेला काळा रंग संक्रांतीच्या चंद्रकळेत हौसेचा होतो. त्यामुळे रंगाआधी घर, जात, काळ आणि सण विचारा.

आणि कोरे पांढरे धोतर तसेच रंगमंचावर पाठवू नका. चहाच्या पाण्यातून काढून ते थोडे मळखाऊ करून घ्या, नाहीतर प्रकाश पडताच नटाच्या चेहऱ्याआधी त्याचे धोतर दिसते.