चवथीआधी स्पीकरची घूंऽऽ घालवायची असेल तर

चवथ जवळ आली की माळ्यावरचा अॅम्प्लीफायर खाली येतो, धूळ झटकून लावला रे लावला की भजनाआधी स्पीकरच घूंऽऽ करून सूर धरतो. आमच्या मालवणच्या घरात हे दोन वर्षं चाललं, मी तीन केबल बदलल्या, आणि मग कळलं की केबल बिचाऱ्या चांगल्याच होत्या. म्हणून आधी काही विकत आणू नका.

आपली लाईट ५० हर्ट्झची, ती घूं म्हणजे तेच ५० नाहीतर त्याचं दुप्पट १००. टीव्ही एका बोर्डावर, अॅम्प्लीफायर दुसऱ्या, दोघांना आपापलं अर्थिंग, वर मधे ऑडिओची केबल. दोन अर्थिंगमधे थोडा जरी फरक असला तरी केबलच्या आतल्या तारेभोवतीच्या जाळीतून करंट फिरत राहतो आणि अॅम्प्लीफायर तो मोठा करून ऐकवतो. यालाच ग्राउंड लूप म्हणतात. जुनं चिऱ्याचं घर आणि मागे वाढवलेली स्लॅबची खोली, वायरिंग दोन वेगळ्या वायरमनचं, अशा घरात तर हे हमखास.

आता शोधायचं कसं. अॅम्प्लीफायर बंद करून मागच्या सगळ्या इनपुटच्या पिना काढा, मग परत चालू करा. तरी घूं आहे, व्हॉल्यूम शून्यावर असला तरी तेवढीच, तर दुखणं बहुतेक आतल्या फिल्टर कपॅसिटरचं (वीज साठवून सपाट करणारा भाग), मेकॅनिककडे न्या. स्वतः उघडू नका, प्लग काढल्यावरही कपॅसिटरात चार्ज राहतो. गप्प झाला तर एकेक पिन परत लावत जा (दर वेळी आवाज शून्यावर आणून, नाहीतर स्पीकर असा दणका देतो की मांजर पडवीतून पळतं), जिच्याने घूं सुरू होते ती तुमची चोर. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून बघा, मोबाईललाही तेच. सेट टॉप बॉक्स असेल तर मागची छपरावरून येणारी वायर काढा, माझा चोर तिथेच सापडला.

मग उपाय. सगळ्यात स्वस्त म्हणजे टीव्ही, बॉक्स, अॅम्प्लीफायर सगळं एकाच चांगल्या एक्स्टेंशन बोर्डावर घ्या, बरेचदा इथेच काम होतं. नाही झालं तर ग्राउंड लूप आयसोलेटर ऑडिओच्या केबलमधे लावा, त्यात छोटा ट्रान्सफॉर्मर असतो, फक्त अगदी स्वस्तातला घेतलात तर मृदंगाचा खर्ज जरा पातळ होतो. डिशच्या वायरीत आयसोलेटर घुसवू नका, छत्रीवरच्या एलएनबीला (सिग्नल पकडणारा छोटा डबा) त्याच वायरीतून १३ किंवा १८ व्होल्ट जातात, चित्रच जाईल. टीव्हीला आणि अॅम्प्लीफायरला दोन्हीकडे ऑप्टिकलचं भोक असेल तर सोन्याहून पिवळं, त्या वायरीत तांबंच नाही मग लूप कुठून होणार.

कोणीतरी शहाणा सांगेल की थ्री पिनची मोठी पिन काप, घूं जाते. जाते खरी! पण उद्या फेज बॉडीला लागला तर झटका पोरांना. अजिबात करू नका.

उलट घरचं अर्थिंगच वायरमनकडून तपासून घ्या. मल्टीमीटरवर न्यूट्रल आणि अर्थमधे दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर गडबड आहे. आपल्याकडचा जांभा पाणी धरून ठेवत नाही, वैशाखात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, म्हणून मीठ-कोळसा घालून त्यात अधूनमधून पाणी ओतायची जुनी पद्धत आहे. खाऱ्या वाऱ्याने पिनाही गंजतात, हात लागला की खरखर करतात, त्या बारीक पॉलिश पेपरने पुसा.

आणि घूं नसून चर्रर्र असेल तर वेगळी गोष्ट. आमची घूं गेल्यावर चर्र उरली, ती माटवीवरच्या (गणपतीवर टांगतात ती फळापानांची चौकट) एलईडी माळेच्या अॅडॅप्टरची निघाली, माळ पडवीतल्या बोर्डावर नेली तशी बंद.