जुन्या पीसीसाठी फुकटातलं डीफ्रॅग: काय टाकायचं, काय नाही

पीसी स्लो झाला की कोणीतरी सांगतंच, डीफ्रॅग मार, म्हणजे डिस्कवर विखुरलेले फाईलींचे तुकडे एकत्र लाव. पण आधी आत डिस्क कुठली आहे ते बघा. स्टार्टमध्ये डीफ्रॅग टाईप केलं की विंडोजचीच ऑप्टिमाईझ ड्राईव्ह्ज नावाची विंडो येते, त्यात मीडिया टाईपच्या रकान्यात सॉलिड स्टेट दिसलं तर विषय संपला, कुठलंही सॉफ्टवेअर टाकू नका. एसएसडीत, म्हणजे सॉलिड स्टेट डिस्कमध्ये, हार्ड डिस्कसारखी फिरणारी तबकडी नाही, पुढेमागे पळणारं हेड नाही, मग फाईलचे तुकडे कुठेही पडले तरी फरक जाणवत नाही, उलट सारखं लिहून लिहून डिस्कच झिजते. तिला जी ट्रिम लागते, म्हणजे पुसलेल्या फाईलींची जागा रिकामी झाल्याची सूचना, ती विंडोज स्वतःच देतं.

हार्ड डिस्क दिसली तर मात्र फायदा आहे, पण त्यासाठीही डाउनलोडची घाई नको कारण विंडोज व्हिस्टापासून हे काम आपोआप दर आठवड्याला शेड्यूल असतं. त्याच विंडोत अॅनालाईझ दाबा, तुकड्यांचा आकडा १० टक्क्यांच्या खाली असेल तर सोडून द्या.

आकडा मोठा असेल किंवा एखादीच फाईल छळत असेल, तर मी डीफ्रॅगलर वापरतो. सीक्लीनरवाल्या पिरीफॉर्मचं आहे, अपडेट यायचं कधीच थांबलंय तरी काम चोख. अॅनालाईझ केलं की चौकोनांचा नकाशा येतो, लाल म्हणजे तुकडे झालेलं, निळं म्हणजे नीट, पांढरं रिकामं. मग व्ह्यू फाईल्समध्ये जा, कुठल्या फाईलचे किती तुकडे झालेत ते तिथे कळतं, लग्नाच्या व्हिडिओसारख्या मोठ्या फाईलींवर टिक करून डीफ्रॅग चेक्ड दाबा. अख्ख्या १ टीबीच्या डिस्कला तासन् तास लागतात, ह्याला त्यामानाने काहीच नाही.

ऑसलॉजिक्सचं डिस्क डीफ्रॅग आणि आयओबिटचं स्मार्ट डीफ्रॅगही फुकट मिळतं, फक्त इन्स्टॉल करताना नेक्स्ट नेक्स्ट करत सुटू नका, मधेच कुठेतरी दुसरं काहीतरी गळ्यात मारायची टिक असते, ती काढा.

सुरू करायच्या आधी रिसायकल बिन रिकामी करा, डिस्क क्लीनअप चालवा, कारण तुकडे हलवायला मोकळी जागा लागते, साधारण १५ टक्के तरी ठेवा. लॅपटॉप चार्जरला लावलेला हवा आणि डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर लाईट जायच्या वेळेत हा उद्योग करू नका.

अजून एक, डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो हे पण फुकट आहे, ते आधी उघडून बघा. तिथे गुड ऐवजी पिवळ्यात कॉशन आलं, किंवा डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर डीफ्रॅग अजिबात नको, मरायला टेकलेल्या डिस्कला तासभर पळवलं तर ती तिथेच मान टाकेल. आधी फोटो, कागदपत्रं सगळं दुसरीकडे कॉपी करा आणि नवीन डिस्क बघा, घ्यायचीच आहे तर साटा (हार्ड डिस्कच्याच केबलला लागणारी) एसएसडीच घ्या, जुन्या पीसीतही बसते.